ग्रंथाची शीर्षकरचना आणि महाजालावरील सुगम वाचन : ‘दासबोधा’च्या निमित्ताने

१. वाचणे आणि चाळणे

मराठीत ‘वाचणे’ आणि ‘चाळणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि अभ्यासकाच्या व्यवहारात दुसऱ्याचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. ग्रंथ हाती आला की अभ्यासक तो पहिल्या पानापासून सलग वाचू लागतोच असे नाही. तो अनुक्रमणिका पाहतो, एखादे प्रकरण उघडतो, दोन पाने मागे जातो, उपशीर्षकांवरून नजर फिरवतो आणि हवा तो परिच्छेद सापडला की तेथे थांबतो. ही क्रिया इतक्या सवयीची झालेली असते की तिच्यामागे ग्रंथाची एक विशिष्ट बांधणी उभी आहे याची जाणीवही सहसा होत नाही.

दृष्टिबाधित वाचकाच्या संदर्भात मात्र ही जाणीव टाळता येत नाही. त्याला ग्रंथ वाचून दाखवणारे कोणी भेटले, ध्वनिफीत मिळाली किंवा संगणकावरील मजकूर उच्चारून दाखवणारा स्क्रीन रीडर मिळाला, तरी त्यासोबत चाळण्याची सोय आपोआप येत नाही. ध्वनिफितीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. फीत पुढे-मागे सरकवता येत असे. परंतु तिसरे प्रकरण नेमके कोठे सुरू होते हे फीत सांगत नसे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी कन्सॉर्शियमने ध्वनिपुस्तकांसाठी जी पद्धती विकसित केली, तिचे मुख्य कार्य ध्वनीला प्रकरणे व उपप्रकरणे यांची बांधणी देणे हेच होते. ज्याला ग्रंथ चाळता येत नाही तो त्या ग्रंथाचा श्रोता होऊ शकतो. अभ्यासक होणे त्याला फार कठीण जाते.

महाजालावर येणाऱ्या मराठी वाङ्मयाची चर्चा आजवर प्रामुख्याने टंक, युनिकोड, स्वामित्वहक्क आणि शुद्धलेखन या विषयांभोवती झाली. शीर्षकांचा प्रश्न तांत्रिक समजून तो संगणकतज्ज्ञांकडे सोपवण्यात आला. तो तसा नाही. कोणत्या ओळीला शीर्षक म्हणावे, ते कोणत्या पातळीचे मानावे आणि त्यात कोणते शब्द असावेत, हे ग्रंथाच्या रचनेविषयीचे निर्णय आहेत. म्हणजेच ते संपादनाच्या आणि समीक्षेच्या कक्षेतील निर्णय आहेत. ‘दासबोध’ या ग्रंथाच्या आधारे या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दिसणारे शीर्षक आणि सांगितलेले शीर्षक

महाजालावरील पृष्ठ ज्या एचटीएमएल या भाषेत बांधले जाते, तिच्यात शीर्षकांसाठी ‘एच१’ ते ‘एच६’ अशा सहा पातळ्यांच्या खुणा आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या खुणांच्या प्रारंभिक यादीतही या सहा पातळ्या होत्या. या खुणांचे वैशिष्ट्य असे की त्या ओळ कशी दिसावी हे मुळात सांगत नाहीत. ती ओळ काय आहे आणि कोणत्या मोठ्या विभागाच्या पोटात येते, हे सांगतात. अक्षर मोठे असावे की लहान, तांबडे असावे की काळे, हा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो.

स्क्रीन रीडर या खुणांवर विसंबून असतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी सुरू केलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर असो, वा त्याआधीपासून प्रचलित असलेला जॉज असो, दोहोंत ‘एच’ ही कळ दाबली की वाचक पुढच्या शीर्षकावर पोहोचतो. १ ते ६ या आकड्यांच्या कळांनी त्या त्या पातळीच्या शीर्षकांवरून पुढे जाता येते. पृष्ठावरील सर्व शीर्षकांची यादी एकत्र मागवून तीतून हवे ते निवडताही येते. शीर्षक उच्चारताना ते शीर्षक असल्याची व त्याच्या पातळीची सूचनाही दिली जाते. वेबएम या संस्थेच्या २०२१ आणि २०२३-२४ मधील पाहण्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक उत्तरदात्यांनी, दीर्घ पृष्ठावर हवी ती माहिती शोधताना आपण प्रथम शीर्षकांचा मार्ग घेतो, असे नोंदवले आहे. या पाहण्या स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांच्या आहेत आणि उत्तरदाते बहुतांशी उत्तर अमेरिका व युरोप येथील आहेत, ही मर्यादा लक्षात घेऊनही त्यांतून दिसणारा कल पुरेसा स्पष्ट आहे.

आता एखाद्याने शीर्षकाची खूण न करता केवळ ओळ जाड ठशात, मोठ्या आकारात, मध्यभागी घेतली, तर डोळस वाचकाला ती शीर्षक म्हणूनच दिसते. स्क्रीन रीडरला मात्र ती इतर परिच्छेदांसारखा एक परिच्छेद वाटते. शीर्षकांच्या यादीत ती येत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर हा भेद कोणालाही पाहता येतो. तेथे ओळीच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे दिली की ती दुसऱ्या पातळीचे शीर्षक होते व लेखाच्या अनुक्रमणिकेत आपोआप दाखल होते. तीच ओळ अवतरणचिन्हांच्या साहाय्याने नुसती जाड केली, तर पडद्यावर ती शीर्षकासारखी दिसत राहते, पण अनुक्रमणिकेत तिला स्थान मिळत नाही. पहिल्या प्रकारात शीर्षक सांगितले जाते. दुसऱ्या प्रकारात ते केवळ दिसते.

याच्या उलट दोषही आढळतो. एखादे अवतरण, दिनांक किंवा प्रकाशकाचे नाव उठून दिसावे एवढ्यासाठी त्याला शीर्षकाची खूण केली जाते. अशी खोटी शीर्षके यादीत शिरली की यादीचा भरवसा राहत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांतच शीर्षकांच्या खुणा रचना सांगण्यासाठी वापराव्यात असे म्हटले होते. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा विचार अधिक व्यापक केला : जी रचना पानाच्या दिसण्यातून कळते, ती यंत्रालाही ओळखता आली पाहिजे, आणि शीर्षकाने आपल्या विभागाचा विषय सांगितला पाहिजे. २०१८ आणि २०२३ च्या आवृत्त्यांतही ही दोन्ही तत्त्वे कायम आहेत. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नियमांची उणीव आहे असे म्हणण्यास आता फारशी जागा नाही. उणीव आहे ती नियमांमागील वाङ्मयीन प्रश्न ओळखण्याची.

३. ‘दासबोधा’ची त्रिस्तरीय बांधणी

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त २० दशक आहेत, प्रत्येक दशकात १० समास आहेत आणि एकूण ओव्यांची संख्या पावणेआठ हजारांच्या आसपास आहे. प्रत्येक दशकाला नाव आहे, प्रत्येक समासाला नाव आहे. ग्रंथ, दशक, समास आणि ओवी असा हा उतरता क्रम अत्यंत काटेकोरपणे पाळलेला आहे. प्राचीन मराठी वाङ्मयात इतकी नियमित आणि नामांकित विभागरचना असलेले दीर्घ ग्रंथ थोडेच सापडतील.

ही रचना केवळ गणिती सोयीसाठी नाही. पहिल्या दशकातील पहिला समास ‘ग्रंथारंभलक्षण’ या नावाचा आहे. श्रोते ग्रंथाचे नाव विचारतात, त्यात काय सांगितले आहे असे विचारतात, ग्रंथश्रवणाने काय लाभते असे विचारतात, आणि त्यांना उत्तर म्हणून ग्रंथातील विषयांची गणना केली जाते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही ओवीबद्ध अनुक्रमणिकाच होय. ती डोळ्यांनी पाहण्याची नसून कानांनी ऐकण्याची आहे. चौथा दशक नवविधा भक्तीचा. त्यातील पहिले नऊ समास श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंतच्या नऊ भक्तींना क्रमाने वाहिलेले आहेत आणि दहावा मुक्तिचतुष्टयाचे विवेचन करतो. दशकाचे नाव कळले की समासांचा क्रम जवळजवळ कळतोच. ज्यांच्या हाती पोथी नाही अशा श्रोत्यांचा विचार करून ही बांधणी झाली आहे, असे मानण्यास येथे आधार आहे.

असा ग्रंथ महाजालावर आणताना त्याची त्रिस्तरीय रचना शीर्षकांच्या पातळ्यांशी सहज जुळते. संपूर्ण ग्रंथ एका पृष्ठावर घ्यावयाचा असेल, तर ग्रंथनाम ‘एच१’, २० दशक ‘एच२’ आणि २०० समास ‘एच३’ होतील. प्रत्येक दशकासाठी स्वतंत्र पृष्ठ करावयाचे असेल, तर दशकाचे नाव ‘एच१’ आणि त्यातील १० समास ‘एच२’ होतील. म्हणजेच समासाची पातळी ही समासाच्या अंगभूत थोरवीवर नव्हे, तर त्या पृष्ठावरील त्याच्या स्थानावर ठरते. येथे यंत्राची मदत अपुरी पडते. विभागांची एकात एक मांडणी केली की शीर्षकांच्या पातळ्या आपोआप ठरतील, अशी योजना एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीसाठी मांडण्यात आली होती. परंतु ब्राउझरांनी ती कधी अमलात आणली नाही आणि २०२२ मध्ये ती प्रमाणपद्धतीतून काढून टाकण्यात आली. पातळी ठरवण्याचे काम ग्रंथ जाणणाऱ्या माणसाकडेच राहिले आहे.

एका उदाहरणाने या कामाचे मोल स्पष्ट होईल. एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. अक्षर वळणदार व मोकळे कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, समास कसा सोडावा यांसंबंधीचा उपदेश त्यात आहे. मराठी लेखनपरंपरेच्या अभ्यासकाला तो वारंवार पाहावा लागतो. समजा, असा एक अभ्यासक दृष्टिबाधित आहे आणि त्याच्यापुढे संपूर्ण ‘दासबोध’ एका पृष्ठावर, परंतु शीर्षकांच्या खुणांशिवाय आहे. या समासापूर्वी १८० समास आणि सुमारे सात हजार ओव्या येतात. एका ओवीला दहा सेकंद धरले, तर तेथवर सलग ऐकत जाण्यास १९ तासांहून अधिक वेळ लागेल. शब्दशोधाचा मार्ग अर्थातच आहे. पण नेमका शब्द आणि त्याचे त्या संहितेतील लेखन आधी ठाऊक असेल तरच तो उपयोगी पडतो. शीर्षके खुणांकित असतील, तर दुसऱ्या पातळीची कळ १९ वेळा आणि तिसऱ्या पातळीची एकदा दाबून तो त्याच जागी पोहोचतो. यादीतून गेला तर त्याहूनही लवकर. वाटेत १८ दशकांची नावे त्याच्या कानांवर पडलेली असतात. ही नावे ऐकत जाणे म्हणजेच ग्रंथ चाळणे होय.

४. समाप्तिवाक्य आणि शीर्षक

‘दासबोधा’च्या प्रत्येक समासाच्या अखेरीस संस्कृत धाटणीचे समाप्तिवाक्य येते. ग्रंथाचे नाव, तो गुरुशिष्यांचा संवाद असल्याचा निर्देश, समासाचे नाव आणि त्याचा क्रमांक एवढा मजकूर त्यात असतो. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहिलेला असे; विभाग वेगळा दिसावा म्हणून समाप्तिवाक्यावर गेरूचा हात फिरवण्याची पद्धत होती. पानाच्या कडेला ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप व पत्रांक असत. छापील आवृत्त्यांनी समासाचे नाव वर, प्रारंभी आणले आणि ते मोठ्या टंकात छापले. समाप्तिवाक्य खाली तसेच राहिले. त्यामुळे आजच्या छापील ‘दासबोधा’त प्रत्येक समासाचे नाव दोनदा येते.

या दोन नामनिर्देशांचे कार्य एक नाही. समाप्तिवाक्य हे आतापर्यंत काय ऐकले ते सांगते. ते श्रवण पूर्ण झाल्याची ग्वाही देते, स्मरणाला मदत करते आणि लेखनिकाने विभाग गाळला नसल्याची खात्रीही पटवते. शीर्षक हे पुढे काय ऐकता येईल ते सांगते. थांबावे की पुढे जावे, हे ठरवण्याची संधी ते वाचकाला देते. श्रवणाच्या परंपरेत निवड निरूपणकाराची असते आणि श्रोत्याला बसल्या जागी क्रमाने ऐकावयाचे असते. म्हणून तेथे समाप्तिवाक्याला महत्त्व आले. निवड वाचकाकडे आली तेव्हा नाव अखेरीकडून प्रारंभाकडे सरकले.

महाजालीय आवृत्तीच्या संपादकाने हा भेद ध्यानात घेतला नाही, तर दोन प्रकारच्या चुका संभवतात. समाप्तिवाक्य हेच शीर्षक समजून त्याला खूण केली, तर वाचक समासाच्या अखेरीस उतरतो आणि पुढचा समास ऐकू लागतो. नाव एका समासाचे, मजकूर दुसऱ्याचा. दोन्ही ठिकाणी खुणा केल्या, तर समासांच्या शीर्षकांची यादी २०० ऐवजी ४०० नोंदींची होते आणि प्रत्येक नाव दोनदा ऐकावे लागते. योग्य मार्ग असा की प्रारंभीच्या नावाला शीर्षकाची खूण करावी आणि समाप्तिवाक्य संहितेचा अविभाज्य भाग म्हणून साध्या मजकुरात जसेच्या तसे ठेवावे. हा निर्णय संगणकाच्या ज्ञानातून निघत नाही. तो पोथी, छापील ग्रंथ आणि पृष्ठ या तीन माध्यमांतील संहितेच्या जाणिवेतून निघतो.

५. जेथे ग्रंथ शीर्षक देत नाही

‘दासबोध’ हे सुकर उदाहरण झाले. ‘ज्ञानेश्वरी’कडे वळताच प्रश्न अवघड होतो. तिचे १८ अध्याय गीतेच्या अध्यायांना अनुसरणारे आहेत, परंतु अध्यायांच्या पोटात नामांकित विभाग नाहीत. अठराव्या अध्यायात तर ओव्यांची संख्या अठराशेच्या आसपास आहे. एवढा मजकूर एकाच शीर्षकाखाली ठेवणे म्हणजे दृष्टिबाधित अभ्यासकाला पुन्हा केवळ श्रोता करणे होय. छापील आवृत्त्यांत गीतेचा मूळ श्लोक त्याच्यावरील ओव्यांच्या आधी देण्याचा प्रघात आहे. त्या श्लोकांनाच शीर्षके मानावे, असा उपाय सहज सुचतो. अठराव्या अध्यायात गीतेचे ७८ श्लोक आहेत. त्यामुळे तितके टप्पे आयते मिळतात.

हा उपाय सोयीचा असला तरी निर्दोष नाही. संपूर्ण श्लोक शीर्षक म्हणून घेतला तर यादी अतिशय लांबते. श्लोकांक आणि विषयाचा दोन-तीन शब्दांचा निर्देश शीर्षकात घेऊन श्लोक त्याखाली मजकुरात देणे बरे. परंतु याहून मूलभूत अडचण निराळी आहे. पहिल्या अध्यायात गीतेचा पहिला श्लोक येण्यापूर्वी मंगलाचरणाच्या आणि ग्रंथमाहात्म्याच्या कितीतरी ओव्या आहेत. उत्तरार्धातील अनेक अध्याय गुरुस्तवनाने सुरू होतात. केवळ श्लोकांना शीर्षके केली, तर ज्या जागी ज्ञानदेव भाष्यकाराच्या मर्यादेबाहेर येऊन सर्वस्वी आपले बोलतात, त्या जागांना यादीत स्थानच उरत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस याचा कळस होतो. शेवटच्या श्लोकानंतर नवे शीर्षक नसल्यामुळे ग्रंथाचा उपसंहार आणि पसायदान ही दोन्ही रचनेच्या दृष्टीने गीतेच्या ७८ व्या श्लोकाच्या पोटात जातात. पडद्यावर पाहणाऱ्याला मधली मोकळी जागा दिसते आणि तो मनात दुरुस्ती करून घेतो. शीर्षकांच्या यादीतून ग्रंथ जाणणाऱ्याला मात्र पसायदान हा ग्रंथाचा एक भाग आहे, हेच कळत नाही.

यावरून असे म्हणता येईल की शीर्षकांची यादी हीसुद्धा ग्रंथाचे एक अर्थनिर्णयन असते. श्लोकांना शीर्षके करणारा संपादक ‘ज्ञानेश्वरी’ ही मुख्यत्वे टीका आहे असे सांगत असतो. मंगलाचरण, गुरुस्तवन, उपसंहार व पसायदान यांना श्लोकांच्या बरोबरीची शीर्षके देणारा संपादक ती स्वतंत्र काव्यही आहे असे सांगत असतो. दुसरा पर्याय अधिक समतोल होय. मात्र अशी शीर्षके संपादकाची आहेत, मूळ संहितेतील नाहीत, हे आवृत्तीच्या प्रारंभी स्पष्ट नोंदवले पाहिजे.

तुकारामांच्या गाथेचा प्रश्न आणखी वेगळा. चार हजारांहून अधिक अभंगांपैकी बहुतेकांना नाव नाही. अभंगाची ओळख परंपरेने त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून पटते, आणि छापील गाथांच्या अखेरीस दिलेली वर्णानुक्रमाची सूची याच तत्त्वावर आधारलेली असते. नुसता क्रमांक शीर्षक म्हणून दिला, तर यादीत हजारो आकडे ऐकू येतील आणि त्यांतून काहीच उलगडणार नाही. शिवाय आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात. क्रमांकासोबत आरंभीचे दोन-तीन शब्द दिले, तर शीर्षक ओळखीचे होते आणि संपादकाला अभंगाचे नवे नामकरण करण्याचा मोहही टाळता येतो.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. साहित्यकृती म्हणजे माहितीपत्रक नव्हे. तिच्यावर शीर्षकांची चौकट लादल्याने तिची सलगता भंगते, असे म्हटले जाते. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. लेखकाने हेतुतः प्रकरणे न पाडता लिहिलेल्या कादंबरीत संपादकाने शीर्षके घालू नयेत. परंतु हा आक्षेप जेथे शीर्षके आधीच आहेत, डोळस वाचकाला ती दिसत आहेत आणि केवळ खुणेअभावी इतरांना ती मिळत नाहीत, तेथे लागू पडत नाही. तेथे सलगतेचे रक्षण होत नसून एका वाचकवर्गाला ग्रंथाच्या रचनेपासून दूर ठेवले जात असते.

६. शीर्षकाची भाषा

शीर्षकाची खूण योग्य असली तरी शब्द पोकळ असतील, तर यादी निरुपयोगी ठरते. मराठी समीक्षालेखनात ‘प्रास्ताविक’, ‘पार्श्वभूमी’, ‘काही विचार’, ‘एक दृष्टिक्षेप’, ‘विवेचन’, ‘समारोप’ अशी शीर्षके देण्याची रूढी दीर्घकाळ चालत आली आहे. छापील पानावर ती फारशी खटकत नाहीत, कारण शीर्षकाखालचा परिच्छेद त्याच वेळी नजरेत येत असतो आणि शीर्षकाची उणीव भरून निघते. स्क्रीन रीडरच्या यादीत मात्र शीर्षक आपल्या मजकुरापासून सुटे होऊन एकटे ऐकू येते. तेथे ‘काही विचार’ या शब्दांतून कोणाचे, कशाविषयीचे विचार, याचा कोणताच बोध होत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘दासबोधा’तील समासनामे पुन्हा पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या दशकातील ‘मूर्खलक्षण’, ‘उत्तमलक्षण’, ‘कुविद्यालक्षण’, ‘विरक्तलक्षण’, ‘पढतमूर्खलक्षण’ ही नावे एकामागून एक ऐकली, तरी दशकाचा विषय आणि त्यातील विचाराची चाल ध्यानात येते. मूर्खापासून निघालेले विवेचन पढतमूर्खापर्यंत येऊन थांबते. हे शीर्षकांच्या क्रमातूनच समजते. नाव दोन-तीन पदांचे, विषय नावाच्या आरंभीच, आणि ‘लक्षण’ किंवा ‘निरूपण’ या उत्तरपदातून मांडणीची जातही स्पष्ट. यादी ऐकणारा वाचक प्रत्येक नोंदीचे पहिले काही शब्द ऐकून पुढे सरकत असतो; म्हणून विषयवाचक शब्द आधी येणे त्याला सोयीचे असते. काही समासनामे परस्परांशी मिळतीजुळती आहेत, ही अडचण खरी. पण ती क्रमांकाची जोड देऊन दूर करता येते.

७. प्रबंध, संशोधनग्रंथ आणि विद्यापीठांचे दायित्व

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अधिक जाणवतो. दिल्ली किंवा हैदराबाद येथे मराठी ग्रंथांचा संग्रह मोजक्याच ग्रंथालयांत असतो. ब्रेल लिपीतील मराठी संदर्भग्रंथ तर त्याहून दुर्मीळ. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’सारख्या उपक्रमांनी भारतीय भाषांतील पुस्तके मुद्रण-अक्षम वाचकांपर्यंत नेण्याचा मार्ग खुला केला आहे, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीने सुगम प्रती तयार करण्याच्या आड येणारी स्वामित्वहक्काची अडचणही दूर केली आहे. तरीही पुस्तक उपलब्ध होणे आणि ते अभ्यासता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बऱ्याच अंशी रचनेचे आहे.

विद्यापीठीय प्रबंधांचे उदाहरण येथे घेता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध जमा होऊ लागले. तेथे प्रबंधाची प्रकरणे सामान्यतः स्वतंत्र धारिकांत ठेवलेली असतात. म्हणजे प्रकरणाची पातळी तेवढी सुटी होते. प्रकरणाच्या आत मात्र वाचकाला वाट नसते. जुन्या मराठी प्रबंधांच्या धारिका अनेकदा पानांच्या छायाप्रती असतात, ज्यांत यंत्राला वाचता येईल असा मजकूरच नसतो. काही धारिका युनिकोडपूर्व टंकांत असतात. त्यांतील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण उच्चारताना निरर्थक होतो. आणि ज्या धारिका युनिकोडमध्ये आहेत, त्यांतही शीर्षके बहुधा जाड ठशाच्या पलीकडे गेलेली नसतात.

या शेवटच्या दोषाचे मूळ मुद्रणालयात नसून लेखकाच्या टेबलावर आहे. शब्दसंस्करणाच्या प्रचलित आज्ञावलींत शीर्षकांच्या पातळ्या निवडण्याची सोय असते. ती वापरली, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि मजकूर पृष्ठावर किंवा पीडीएफमध्ये नीट रूपांतरित केला तर पातळ्याही टिकून राहतात. ती न वापरता ओळ निवडून तिचा आकार वाढवला, तर रचना लेखकाच्या मनातच राहते. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात तळटीप कशी द्यावी, संदर्भसूची कशी करावी, हे शिकवले जाते. शीर्षकाची पातळी कशी ठरवावी आणि ती कशी नोंदवावी, हे त्याच धड्याचा भाग असावयास हवे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा अधिनियम माहिती व संप्रेषण सुगम असण्याची अपेक्षा करतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेची प्रमाणके केवळ शिफारशीच्या स्वरूपात राहू नयेत, ती बंधनकारक असावीत, असा निर्णय दिला; आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जीविताच्या हक्काशी जोडला. कायदा खूण असावी एवढे सांगू शकतो. पसायदान कोणत्या शीर्षकाखाली यावे, समाप्तिवाक्याला खूण करावी की न करावी, अभंगाला कोणत्या शब्दांनी ओळखावे, हे तो सांगू शकत नाही. ते मराठीच्या अभ्यासकांनीच ठरवावयाचे आहे, आणि त्यांनी ते ठरवले नाही तर टंकलेखन करणारी व्यक्ती आपल्या समजुतीप्रमाणे ठरवील.

‘लेखनक्रियानिरूपणा’त अक्षराच्या वळणाची, ओळींमधील अंतराची, कडेच्या मोकळ्या जागेची जी बारकाईने काळजी घेतलेली आहे, ती ग्रंथ पुढे कोणाच्या तरी हाती पडणार आहे या जाणिवेतून आलेली आहे. त्याच ग्रंथाने दोनशे समासांना नावे देऊन ऐकणाऱ्याचीही काळजी घेतली. ग्रंथ महाजालावर आणताना यांपैकी पहिली काळजी बहुधा घेतली जाते : टंक सुबक असतो, रंगसंगती नेटकी असते. दुसरीकडे दुर्लक्ष होते. दशकाच्या आणि समासाच्या नावांना शीर्षकाच्या खुणा करणे हे त्या दुसऱ्या काळजीचे आजचे रूप आहे, आणि ‘दासबोधा’पुरते बोलावयाचे तर ग्रंथनाम धरून एकंदर २२१ ओळींचे ते काम आहे.